दहावीनंतर आयटीआय (इलेक्ट्रिशियन): वर्ष होत आलं, आमचा अनुभव

आम्ही नवी मुंबईत घणसोलीला राहतो. मुलाला दहावीत मार्क बेताचेच पडले आणि अकरावी नको, आयटीआयच करतो असं तोच म्हणाला. नातेवाइकांनी नाकं मुरडली, नापास पोरं जातात तिकडे म्हणे, पण चांगल्या सरकारी संस्थेत इलेक्ट्रिशियन, फिटरचं मेरिट बघा एकदा, मग बोला.

इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, म्हणजे कोर्स, दोन वर्षांचा आहे. सुरुवातीला नुसती कानस चालवायला लावली तेव्हा पोरगा वैतागला होता, वायरिंग शिकायला आलो आणि लोखंड घासतोय म्हणून, पण हाताला वळण त्यानेच लागलं. मग वायरचे जॉइंट, सोल्डरिंग, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर का घालतात ते. जिन्यातला दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून कसा चालू-बंद होतो ते त्याने लाकडी बोर्डवर दोन टू-वे स्विच जोडून मला दाखवलं, आणि आता घरात मेन बंद करून टेस्टर लावल्याशिवाय कुणाला बोर्डला हात लावू देत नाही. मला फार भारी वाटतं हे.

खटकलेलं पण सांगते. मध्ये बरेच दिवस थिअरीला सरच नव्हते, मीटर कमी आणि पोरं जास्त त्यामुळे काही जण नुसते बघत उभे राहायचे. प्रवेशाच्या वेळी इमारत बघू नका, वर्कशॉपमध्ये जा, मशीन चालू आहेत का आणि त्या ट्रेडला शिकवायला कोण आहे ते तिथल्या पोरांनाच विचारा. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, वर्कशॉप कॅल्क्युलेशन म्हणजे गणितच आहे, ते सुटलं असं समजू नका. हजेरीही कडक आहे.

शिक्षण इथे थांबतं हा मात्र गैरसमज आहे. दोन वर्षांनी नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं, १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत स्टायपेंडवर शिकता येतं, आणि पुढे डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आमच्याकडे रबाळे, महापे, तुर्भे हा एमआयडीसी पट्टा जवळ आहे म्हणून आधी अ‍ॅप्रेंटिसशिप करायची असं त्याच्या मनात आहे, त्याच्या बाबांना डिप्लोमा हवाय. मी त्याच्या बाजूने आहे, डिप्लोमा नंतरही होईल. मुलींनाही ३० टक्के जागा राखीव असतात, मुलीसाठी विचार करत असाल तर नक्की फॉर्म भरा.