नीट चालणारी गाडी सर्व्हिसिंगला दिली आणि पसरणी घाटात आईला घेऊन अडकलो

मी वाईत राहतो, काम पाचगणीला, म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गाडी १५० सीसी, सव्वातीन वर्षं झाली घेऊन. घेतल्यापासून एकही सर्व्हिसिंग चुकवलं नाही आणि सगळी सर्व्हिसिंग एकाच अधिकृत सर्व्हिस सेंटरला, सगळे शिक्के बुकात आहेत. शोरूमचं नाव मुद्दाम टाकत नाही, कंपनीकडे लेखी तक्रार गेलेली आहे आणि तिथल्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण काय झालं ते सगळं लिहितो कारण हे कुणाच्याही गाडीचं होऊ शकतं.

गाडी देताना तिला काहीच झालेलं नव्हतं. पाऊस संपला, घाटातला चिखल चेनमध्ये बसलेला, दिवाळीच्या आधी एकदा सर्व्हिसिंग करून घेऊ एवढाच विचार. सकाळी साडेनऊला दिली, टॅब घेऊन उभ्या असलेल्या ॲडव्हायजरला दोनच गोष्टी सांगितल्या, मागचे ब्रेक शू बघा आणि चेन नीट साफ करा. संध्याकाळी सहाला मेसेज आला गाडी रेडी. गेलो तर गाडी चकाचक, टायरला पॉलिश, टाकीवर हात घसरेल अशी. बिल २,४८६ रुपये. त्यात मी न सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या, एक बॉडी कोटिंग आणि दुसरं इंजिन ऑइलमध्ये घालायचं ॲडिटिव्ह. विचारलं तर म्हणाला सर हे घातलं की इंजिन स्मूथ चालतं, सगळ्यांनाच घालतो. अंधार पडत आलेला, घरी लांब जायचं होतं, मी पैसे देऊन टाकले. ते तिथंच काढायला लावायला हवं होतं.

येताना गाडी जड वाटत होती. न्यूट्रलमध्ये ढकलली तर मागचं चाक मोकळं जाईना आणि खालून कर्र कर्र असा बारीक आवाज. मला वाटलं नवीन ब्रेक शू आहेत, घासून बसतील दोन दिवसात.

रविवारी आईला घेऊन मावशीकडे पाचगणीला निघालो. आई ६४ वर्षांची, एका बाजूला बसते, गुडघ्याचा त्रास आहे. घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणानंतर गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, दुसरा टाकला तरी तेच, मागून एसटीचा हॉर्न, आणि तेवढ्यात तो करपल्याचा वास आला. ज्यांनी क्लच प्लेट जळताना वास घेतलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. कशीबशी कडेला घेतली, आईला उतरवून कठड्यावर बसवलं. मामेभाऊ गाडी घेऊन येईपर्यंत पाऊण तास ती माउली तिथं उन्हात बसून होती आणि मलाच म्हणतेय, असू दे रे, मला काय घाई आहे. मला इतकं वाईट वाटलं, कारण आदल्याच गुरुवारी अडीच हजार रुपये देऊन आणलेली गाडी होती ती.

हळूहळू खाली आणली आणि आमच्या इथल्या मिस्त्री काकांकडे लावली. त्यांचं दहा बाय दहाचं दुकान आहे, आयुष्य यातच गेलंय. त्यांनी काही खोललं नाही. आधी खाली बसून चेन अंगठ्याने दाबली, मग मला म्हणाले तू दाब. तारेसारखी कडक! माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन ते तीन सेंटिमीटर ढील लिहिलीये, इथं अर्धा सेंटिमीटरसुद्धा हलत नव्हती, आणि हे गाडीवर कुणी बसलेलं नसताना. काकांनी सांगितलं की माणसं बसल्यावर मागचा शॉकअप दबतो तसं चाक वर जातं आणि चेन अजून ताणली जाते, तो सगळा ताण पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो, चाकाच्या बेअरिंगवर पण येतो. अशीच दोन महिने डबल सीट चालवली असती तर इंजिन खोलायचा खर्च होता.

मग क्लचचा लिव्हर. टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळा हलायला पाहिजे, हा बिलकुल हलत नव्हता. म्हणजे मी लिव्हर सोडला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच. सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात डबल सीट लोड आला की प्लेटा घसरतात आणि जळतात. त्यात वरून ते ॲडिटिव्ह. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, कारसारख्या कोरड्या नसतात, त्यामुळे मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हे ऑइल ओल्या क्लचला चालतं. आता त्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं काहीतरी ओतलं तर प्लेटांची पकड पण कमी होणार ना? आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की ऑइलमध्ये वेगळं काही घालू नका. कंपनीचं मॅन्युअल नको म्हणतंय आणि कंपनीचंच सर्व्हिस सेंटर सगळ्यांना घालतंय, हे मला खरंच समजत नाही.

अजून संपलं नाही. ऑइल वरच्या खुणेच्या पण वर. मॅन्युअलमध्ये १ लिटर, बिलात १.२ लिटर. जास्त ऑइल म्हणजे चांगलं असं खूप जणांना वाटतं पण तसं नसतं, ते आत घुसळलं जातं, फेस होतो, इंजिन जड चालतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात यायला लागतं. आणि शेवटी काकांनी इंजिनखाली बोट फिरवून दाखवलं, बोट काळं. ड्रेन बोल्टमधून, म्हणजे जुनं ऑइल काढायला खाली असतो त्या बोल्टमधून, ऑइल झिरपत होतं. तेव्हा मला आठवलं की तीन दिवस ओट्यावरच्या फरशीवर डाग दिसतोय, बायकोने दोनदा पुसला होता. बोल्टला पान्हा लावला तर तो घट्टच होईना, नुसता फिरतोय. आटे गेलेले. खाली ॲल्युमिनियमचं केस असतं, त्यात लोखंडी बोल्ट लांब पान्ह्याने जोर लावून आवळला की आटे सोलून निघतात, आणि वायसर जुनाच चपटा झालेला परत टाकला की गळायचं थांबवायला अजून आवळतात. वायसर काही रुपयांचा असतो हो.

घरी येऊन सगळे कागद काढले. जॉब कार्डवर मी गाडी दिली तेव्हाचं मीटर २३,४१८ किलोमीटर. टेस्ट राइडच्या चौकटीत बरोबरची खूण. आणि गेटपासवर वॉचमनने बाहेर पडताना मीटर बघून हाताने लिहिलेलं रीडिंग, ते पण २३,४१८. गाडी चालवून बघितलीच नाही कुणी. एक किलोमीटर जरी कुणी डबल सीट चालवली असती तर चेन आणि क्लच दोन्ही तिथंच कळलं असतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. काम करताना चूक माणसाकडून होते, ती मी समजू शकतो, पण न चालवता खूण करणं म्हणजे कुणाच्या तरी जीवाशी खेळ आहे. ब्रेकचं काम केलेली गाडी होती ती.

सोमवारी सुट्टी टाकून टेम्पोत घालून गाडी नेली. मॅनेजर आधी म्हणाले आटे आधीपासूनच गेलेले असतील. मी सर्व्हिस बुक पुढं ठेवलं, ड्रेन बोल्टला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. मग दोन्ही कागदांवरचं रीडिंग दाखवलं तेव्हा जरा शांत झाले. तिथला एक मेकॅनिक, असेल २०-२२ वर्षांचा, तो बाजूला मला म्हणाला की चेनच्या आवाजाची कस्टमर लगेच कंप्लेंट करतात म्हणून टाइटच ठेवायला सांगतात, आणि दिवसाला इतक्या गाड्या असतात की राइड मारायला वेळच नसतो. त्या पोराचा मला राग नाही आला. ज्यांनी त्याला असं करायला लावलं त्यांचा आला.

तोंडी काही हलेना म्हणून तिथंच बसून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, फोटो जोडले, आणि त्यात लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कामातला हलगर्जीपणा ही सेवेतली त्रुटी आहे, आठ दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे लोकांना माहितीच नसतं म्हणून आपण गप्प बसतो. तिसऱ्या दिवशी फोन आला. क्लच प्लेटा नवीन, ड्रेन बोल्टला नवीन आटे बसवून दिले, नवीन ऑइल, सगळं फुकट. ॲडिटिव्ह आणि कोटिंगचे पैसे मात्र परत दिले नाहीत, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

वॉशिंग चांगलं करतात, स्टाफ बोलायला नीट आहे, पार्ट ओरिजिनल मिळतात, म्हणून ५ पैकी दीड. तुमची गाडी कुठल्याही सेंटरला असू दे, पैसे द्यायच्या आधी तिथंच चेन अंगठ्याने दाबून बघा, क्लच लिव्हर हलवून बघा, गाडी सरळ उभी करून ऑइलची लेव्हल बघा, आणि मीटरचा फोटो देताना एक आणि घेताना एक काढा. बिलात न सांगितलेलं काही असेल तर कितीही उशीर झालेला असू दे, काढायला लावा.

गाडी परत आणल्यापासून रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकून लावतोय. आज सहावा दिवस, पुठ्ठा कोरडा आहे. आईला अजून मागं बसवलेलं नाही.