रस्टमधलं ‘लेट’: कडक, पण दोन जागी डोळ्यात तेल घालून पाहा

सी किंवा सी++ मधून येणाऱ्याला रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा पहिल्याच ओळीत अडवते. तिथे व्हेरिएबल ‘लेट’ने तयार होतं. ‘लेट एक्स = ५’ लिहून खाली एक्सला ६ दिले की कंपायलर (कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) ई०३८४ एरर देतो. किंमत बदलायची असेल तर आधीच ‘लेट म्यूट’ म्हणायचं. सुरुवातीला कटकट वाटते, पण दुसऱ्याचं कोड वाचताना याचं मोल कळतं: ‘म्यूट’ शोधलं की बदलणारी व्हेरिएबल्स समोर येतात (‘म्यूट’शिवायही आतली किंमत बदलू देणारे सेल, रेफसेलसारखे प्रकार सोडून). किंमत न देता नुसतं ‘लेट एक्स’ही चालतं. मात्र इफ-एल्सच्या एखाद्या फांदीत किंमत द्यायची राहिली आणि पुढे एक्स वापरला, तर ई०३८१. सीमध्ये तिथे कचरा वाचला जातो, फार तर वॉर्निंग मिळते. या एका गोष्टीसाठीही रस्ट घ्यावं.

पूर्णांकाचा टाइप लिहिला नाही आणि वापरावरूनही ठरला नाही, तर आय३२ (३२ बिटांचा, ऋण संख्याही मावणारा) धरला जातो. यू८ मध्ये (यात ० ते २५५ च मावतात) २५५ वर १ मिळवला की चाचणीसाठीचा डीबग बिल्ड पॅनिक करतो, म्हणजे एरर देऊन थांबतो; प्रत्यक्ष वापरासाठीचा रिलीज बिल्ड गुपचूप ० देतो. हिशेबाच्या कोडमध्ये मर्यादा ओलांडली का हे तपासणारं ‘चेक्ड_अ‍ॅड’ वापरा, किंवा कार्गोच्या (रस्टचं बिल्ड साधन) रिलीज प्रोफाइलमध्ये ‘ओव्हरफ्लो-चेक्स’ चालू करा.

शॅडोइंग, म्हणजे त्याच नावाने पुन्हा ‘लेट’, फार सोयीचं आहे. स्ट्रिंग वाचली, पार्स केली (अंकात बदलली), नाव तेच ठेवलं. ‘वय_स्ट्रिंग’, ‘वय_अंक’ अशी नावांची जत्रा नको. पण लूपमध्ये जपा, ही पहिली जागा. ‘व्हाइल काउंट < ५’च्या आत ‘लेट काउंट = काउंट + १’ लिहून तो प्रिंट केलात, तर स्क्रीनवर १, १, १ येतच राहतं. आतला काउंट दर फेरीला नवा जन्मतो, बाहेरचा ० वरच बसलेला असतो. प्रिंटमध्ये वापर झालेला असल्याने न वापरल्याची वॉर्निंगही येत नाही. तिथला ‘लेट’ काढून बाहेरच्या काउंटला ‘म्यूट’ लावायचं.

दुसरी जागा अंडरस्कोरची. गार्ड म्हणजे जिवंत असेपर्यंत लॉकसारखी गोष्ट धरून ठेवणारी किंमत. ‘लेट _गार्ड’ ब्लॉक संपेपर्यंत गार्ड जिवंत ठेवतं. ‘लेट _’ मध्ये तो त्याच ओळीला ड्रॉप होतो, म्हणजे नष्ट होतो. म्यूटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा वापरू देणारी सोय) लॉकबाबत नवा कंपायलर ही चूक अडवतो. ट्रेसिंग या लॉग ठेवणाऱ्या क्रेटच्या (लायब्ररीच्या) स्पॅन गार्डबाबत (स्पॅन म्हणजे लॉगमधला कामाचा एक टप्पा) मात्र अडवत नाही, आणि लॉगमधून स्पॅनची माहिती गायब होते.

एरर समजली नाही तर ‘रस्टसी --एक्सप्लेन ई०३८४’ चालवा. उदाहरणासकट खुलासा टर्मिनलवरच मिळतो, इंटरनेटही लागत नाही.