गरोदरपणात अंडाशयाची गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : खान्देशातून सेवा निवडताना

‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ असे फलक जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर आता नवे नाहीत. टाके पडतातच, फक्त छिद्रं लहान असतात, ५ ते १० मिलिमीटरची. गरोदर बाईच्या अंडाशयातली गाठ काढताना मात्र दुर्बिणीच्या यंत्रापेक्षा भूलतज्ज्ञ, वेळेची निवड आणि थांबायची तयारी असलेला डॉक्टर यांवर जास्त अवलंबून असतं. आमचं मत असं : १४ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, नीट निवडलेल्या गाठीसाठी ही सेवा पोट उघडण्यापेक्षा चांगली आहे. दुखणं कमी, बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालती, घरी लवकर.

पहिली कसोटी ऑपरेशनच्या आधीच लागते. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीत दिसणाऱ्या बहुतेक गाठी म्हणजे बीज सुटल्यानंतर उरलेली कॉर्पस ल्युटियमची पाण्याची गाठ. ती बहुधा १४ ते १६ आठवड्यांपर्यंत आपोआप विरते. शिवाय वार तयार होऊन काम हातात घेईपर्यंत, म्हणजे साधारण ८ ते १० आठवड्यांपर्यंत, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तिथूनच येतं. म्हणून आठव्या आठवड्यात ४ सेंटीमीटरच्या साध्या, पातळ भिंतीच्या गाठीसाठी लगेच तारीख देणारं रुग्णालय आमच्या लेखी नापास. १६ व्या आठवड्याच्या आसपास पुन्हा सोनोग्राफी सांगणारा डॉक्टर बरोबर वागतो आहे. त्याला ‘काहीच करत नाही’ म्हणून सोडून जाऊ नका.

मग ऑपरेशन लागतं कधी? गाठ टिकून राहिली, वाढत गेली, १० सेंटीमीटरच्या वर गेली, आत घट्ट भाग, जाड पडदे किंवा कोंब दिसले, किंवा गाठीसकट अंडाशयाला पीळ बसला तर. टिकून राहणाऱ्या गाठींत केस-चरबी असलेली डर्मॉइड आणि द्रवाने भरलेली, कर्करोग नसलेली सिस्टाडेनोमा नेहमी भेटतात. कर्करोग थोड्यांतच निघतो. कर्करोगाचा संशय दाखवणाऱ्या रक्तातल्या मार्करवर, म्हणजे खुणांवर, तेवढ्यावरच विसंबू नये. सीए-१२५ आणि एएफपी हे मार्कर गरोदरपणातच वाढलेले असतात, त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून घाबरवणं चूक. सोनोग्राफीने उलगडा झाला नाही तर रंगद्रव्याविना एमआरआय करावा. सीटी शक्यतो टाळावा.

कर्करोगाचा खरा संशय असेल तर छिद्रातून काढण्याचा आग्रह धरू नये. गाठ पोटात फुटली तर आजाराची पायरीच बदलते. अशा बाईला मोठ्या छेदाने, कर्करोग शल्यचिकित्सकाच्या हाती, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलला पाठवणारं रुग्णालय आपली मर्यादा ओळखतं. तेच विश्वासाचं.

पिळाची गोष्ट वेगळी. अचानक एका बाजूला जोराचं दुखणं, सोबत उलट्या, हे दिसलं की आठवडे मोजायचे नसतात. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत रक्तपुरवठा दिसला तरी पीळ नाही असं ठरत नाही, इथे फसगत होते. धडगाव-मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला यायलाच तास जातात, म्हणून दुखणं ‘गॅसचं’ समजून रात्र काढू नये. १०८ किंवा गरोदर मातांसाठीची १०२ बोलवावी. काळंनिळं पडलेलं अंडाशय पीळ सोडवल्यावर बऱ्याचदा सावरतं, त्यामुळे रंग बघूनच काढून टाकण्याची घाई नको.

आता टेबलावरची बाजू. डॉक्टरांना विचारायला लाजू नका : पहिलं छिद्र कुठे घेणार? १२ व्या आठवड्यात गर्भपिशवी ओटीच्या हाडापाशी असते, २० व्याला बेंबीपर्यंत येते. नेहमीसारखी बेंबीतून आंधळी सुई घातली तर ती पिशवीतच जाऊ शकते. म्हणून पिशवीच्या माथ्यापासून काही बोटं वर, किंवा डाव्या बरगडीखाली, आणि शक्यतो डोळ्यांनी बघत उघड्या पद्धतीने आत शिरायचं. वायूचा दाब १० ते १५ मिलिमीटर पारा, जमेल तितका खालच्या बाजूला ठेवायचा. पिशवी हलवायला खालून कोणतंही उपकरण घालायचं नाही. उजव्या कुशीखाली पाचर देऊन बाईला डावीकडे झुकवायचं, नाहीतर पिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब खाली येतो. पायांना दाब देणारे मोजे किंवा पंप हवेत. डर्मॉइड गाठ काढण्याच्या वेगळ्या पिशवीत भरूनच बाहेर काढायची. चरबी सांडली तर पोटाच्या आवरणाला सूज येते, म्हणून सांडलीच तर कोमट सलाईनने भरपूर धुवायचं.

भूलतज्ज्ञाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड आईच्या रक्तात मुरतो, तिथून बाळाचं रक्त आम्ल होऊ शकतं. श्वासातला हा वायू सतत मोजणारा कॅप्नोग्राफ नसेल तर ऑपरेशन तिथे करू नये. गरोदरपणात जठरातलं अन्न वर येण्याची भीती असते, म्हणून श्वासनळीत नळी घालण्याची पद्धतही वेगळी. बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासून नोंदवलेच पाहिजेत. २४ आठवड्यांच्या पुढे ऑपरेशन असेल तर नवजात अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत असलेला बरा.

खान्देशात एक तपासणी अजिबात चुकवू नये : सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा समाजांत हा आजार बराच आढळतो. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की रक्तचाचणी करून वाहक की रुग्ण हे आधी ठरवावं. रुग्ण असेल तर थंडी, तहान, ऑक्सिजनची कमी आणि आम्लता या चारही गोष्टी रक्तपेशींना वाकवतात, आणि वायू भरून केलेल्या ऑपरेशनात चारही जवळ येतात. पाणी ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत चालतं. भुसावळच्या मे महिन्यात रात्रीपासून कोरडं ठेवणं तर कोणत्याच गरोदर बाईला बरं नाही. सिकलसेलच्या रुग्णाचा नंबर ऑपरेशनच्या यादीत पहिला असावा.

नंतरची काळजी साधी आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नयेत. कळा थांबवणारी औषधं सगळ्यांना सरसकट लागत नाहीत. १० आठवड्यांच्या आधी कॉर्पस ल्युटियम काढावं लागलं तर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलंय का बघा. आणि सासू-आईंना स्पष्ट सांगावं : गर्भपिशवी कापलेली नसते, म्हणून या ऑपरेशनमुळे सिझेरियन ठरत नाही.

खर्चाचं आधीच बोला. बिलात भूलतज्ज्ञ, गाठीची पॅथॉलॉजी आणि नंतरची सोनोग्राफी धरली आहे का विचारा. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. ‘साधीच होती’ म्हणून टाकून देणं आम्हाला मान्य नाही. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर मातेला तपासण्या, औषधं मोफत आहेत. महात्मा ज्योतिबा फुले योजनेत हीच शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, ते भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, कळून घ्या.

सातव्या-आठव्या महिन्यात लेक बाळंतपणाला माहेरी जाते, काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि फाईल सासरच्या कपाटात राहते. ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि दोन्ही सोनोग्राफींचे अहवाल माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून तिच्यासोबतच पाठवावेत.