प्रोटोबफ जावालाइट: बोटीवरच्या मेसेजसाठी वापरतोय, त्याबद्दल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या काही बोटींसाठी आमचं छोटं ॲप आहे. तांडेल समुद्रातूनच कळवतो बांगडा किती, सुरमई किती, बर्फ किती लागेल, मग जेटीवर त्या हिशोबाने गाडी मागवतात. फोनवर जावाचा क्लायंट, मधे एमक्यूटीटी (छोटे मेसेज पोचवायची हलकी पद्धत). किनारा सुटला की रेंज येते-जाते, त्यामुळे मेसेज लहान हवा, म्हणून पॅकिंगला प्रोटोबफ (माहिती थोड्या बाइटांत बांधायची गूगलची पद्धत) आणि त्याचं फोनसाठीचं हलकं रूप, जावालाइट, घेतलं.

जावाचं स्वतःचं सीरियलायझेशन (ऑब्जेक्टचे बाइट करणं) १९९७ पासून जेडीकेमध्येच, म्हणजे जावाच्या मूळ संचातच आहे, फुकटात मिळतं म्हणून मोह होतो, पण त्यात क्लासचं अख्खं नाव, फील्डांची नावं सगळं मेसेजबरोबर जातं आणि बाहेरून आलेले बाइट असे थेट उघडणं किती धोक्याचं ते २०१५ ला कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या प्रकरणात सगळ्यांनी बघितलं, बनावट बाइट पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. नेटवर्कवर ते नकोच.

प्रोटोबफमध्ये फील्डचं नाव जात नाही, आपण त्याला दिलेला नंबर जातो. किलो हे १ नंबरचं फील्ड आणि त्यात १५० असेल तर ०८ ९६ ०१ (हेक्समध्ये), झाले तीन बाइट. १ ते १५ नंबरचा टॅग (फील्डचा नंबर आणि प्रकार सांगणारा भाग) एका बाइटात मावतो, तेव्हा रोजची फील्डं तिथेच बसवा. आणि माशाचं नाव देवनागरीत पाठवू नका, यूटीएफ-८ मध्ये नुसत्या 'बांगडा'ला १८ बाइट जातात, एनम (ठरलेल्या यादीतल्या नावाऐवजी आकडा) केला तर टॅगसकट दोन.

पण माझ्या मते साइज ही दुय्यम गोष्ट आहे, मी हे घेतलं ते जुन्या-नव्या व्हर्जनसाठी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी किनाऱ्याला, खलाशी घरी, तेव्हा फोन घेऊन अपडेट करून देता येतं. ऑगस्टात बोटी सुटल्या की कोण ॲप अपडेट करतंय, मग सर्व्हरला एकाच वेळी तीन प्रकारचे क्लायंट बोलत असतात. इथे हे फार छान चालतं, जुन्या ॲपला अनोळखी नंबर आला तर ते तो सोडून पुढचं वाचतं, अडकत नाही. अट एवढीच की दिलेला नंबर कधी बदलायचा नाही, फील्ड काढलं तर तो नंबर रिझर्व्ह्ड म्हणून लिहून ठेवायचा. नाहीतर एखाद्या बोटीचा बर्फाचा आकडा भावाच्या रकान्यात येईल आणि एररसुद्धा दिसणार नाही.

खटकतं तेही सांगतो. प्रोटो३ मध्ये (प्रोटोबफ लिहायची सध्याची एक पद्धत) शून्य पाठवलाच जात नाही, त्यामुळे 'बर्फ नको' आणि 'बर्फाचं काही बोललाच नाही' दोन्ही सारखंच दिसतं, अशा फील्डला ऑप्शनल लावाच, प्रोटोबफच्या ३.१५ व्हर्जनपासून ते सरळ चालतं. ऋण आकडा साध्या इंट३२ या पूर्णांकाच्या प्रकारात १० बाइट खातो, तिथे ऋण आकड्यांसाठीचा एसइंट३२ घ्या. मेसेज कुठे संपला हेही आत लिहिलेलं नसतं, एमक्यूटीटीत प्रत्येक पॅकेट वेगळं म्हणून निभावतं, पण रेंज नसताना फोनमधल्या फाइलीत एकामागोमाग साठवणार असाल तर राइट-डिलिमिटेड-टू हे फंक्शन वापरा, म्हणजे आधी लांबी लिहिली जाते.

लाइटमध्ये जेसनफॉरमॅट (मेसेज वाचता येणाऱ्या जेसन मजकुरात बदलणारं साधन) चालत नाही, लॉग वाचायचा तर वैताग. आम्ही सर्व्हरला पूर्ण प्रोटोबफ-जावा ठेवलंय, बाइट तेच असतात, तिथेच जेसन करून बघतो. जेटीवरच्या ऑफिसातलं ब्राउझरचं पान मात्र जेसनवरच आहे, तिथे वायफाय चांगलं चालतं, बदलायची गरज वाटली नाही.