सामाजिक उद्योजकता आणि आंतरराष्ट्रीय विकास: सोलापुरात राहून केलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे परीक्षण

सोलापूरच्या पूर्व भागात महिला बचत गटांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत मी नऊ वर्षे नोकरी करते आहे. त्यातील शेवटच्या दोन वर्षांत मी इंग्लंडमधील एका विद्यापीठाचा सामाजिक उद्योजकता (म्हणजे सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी उद्योग उभा करणे) आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने, नोकरी सांभाळून पूर्ण केला. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी. समाजकार्य शिकणाऱ्या तीन-चार मुलींनी अलीकडे “ताई, असा कोर्स करावा का?” असे विचारले, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगते: ज्यांच्या हाती काही काम आहे, त्यांनी हा अभ्यास जरूर करावा, पदवी मिळाली की काम मिळेल अशा भरवशावर मात्र कोणी कर्ज काढू नये.

पहिले सत्र विकासाच्या विचाराच्या इतिहासाचे होते आणि ते फार चांगले शिकवले गेले. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात जगातील मोठ्या भागाला ‘अविकसित’ म्हटले, त्या शब्दामागे कोणती दृष्टी होती, येथून सुरुवात झाली. पुढे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये निघालेला संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल आणि अमर्त्य सेन यांची मांडणी आली. माणसाचे उत्पन्न किती, एवढेच न विचारता त्याला काय करता येते आणि कसे जगता येते हे विचारावे, हा सेन यांचा आग्रह मला पुस्तकात वाचण्याआधी घरोघरी दिसलेला होता. त्याला नीट शब्द मिळाले ते येथे. संयुक्त राष्ट्रांत २०१५ मध्ये ठरलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे आणि त्यांखालची १६९ लक्ष्ये यांचा भाग मात्र याद्या पाठ करण्यापलीकडे गेला नाही.

सूक्ष्म वित्तपुरवठ्याचे, म्हणजे गरिबांना छोटी कर्जे देण्याचे, प्रकरण सर्वांत प्रामाणिक वाटले. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावी ४२ जणांना मिळून अवघे २७ डॉलर स्वतःच्या खिशातून दिले, १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, ही कथा आम्हा बचत गटवाल्यांना तोंडपाठ असते. अभ्यासक्रम तेथे थांबला नाही. लगेच पुढच्या आठवड्यात २०१० चे आंध्र प्रदेशातील कर्जसंकट आणि हैदराबादमधील १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत आधी कर्ज उपलब्ध करून देऊन केलेला अभ्यास समोर ठेवला गेला. कर्जामुळे काही घरांचे छोटे धंदे वाढले, पण एकूण घरखर्च, शिक्षण किंवा स्त्रियांचे घरातील स्थान यांत ठळक फरक दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या गटातील पद्मशाली कुटुंबांची सोयरीक आजही तेलंगणाशी आहे. वरंगळला माहेर असलेल्या एका सदस्येला मी हे सांगितले, तेव्हा त्या काळी माहेरच्या गल्लीत एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज कसे उचलले जात होते, हे तिने मलाच तपशीलवार सांगितले. ते मी परवानगी घेऊन निबंधात घातले.

या दोन वर्षांत मला सर्वाधिक शिकवले ते एका स्वाध्यायाने. आपल्या परिसरातील एका गटासाठी पर्यायी उपजीविकेचा उपक्रम आखायचा होता आणि त्यातील प्रत्येक गृहीतक कागदावर मांडून तपासायचे होते. मी विडी कामगार स्त्रिया निवडल्या. सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे, तेव्हा शिवणकाम केंद्र काढावे, विडीपेक्षा जास्त मजुरी द्यावी, म्हणजे बायका तंबाखूतून सुटतील, असा माझा सरळ हिशेब होता. गृहीतक तपासण्यासाठी मी एका ताईंच्या दारात चार दिवस वही घेऊन बसले. भिजवलेली पाने फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पाने आणि दोऱ्याचे रीळ. त्या दिवसातून सहा वेळा कामाला बसत आणि प्रत्येक वेळी कशासाठी तरी उठत: मुलाचा डबा, सासूबाईंचे औषध, आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याच्या दिवशी तर अर्धी सकाळ हंडे-बादल्यांतच. रात्री जेवणे आटोपल्यावर हजाराचा आकडा पुरा होई. सकाळी माल कारखान्यात दिला की तपासणीत काही विड्या बाजूला काढल्या जात. पाने खराब निघाली तर पदरची पाने विकत आणावी लागत. मजुरी हजारी दराने मिळते, त्यात या दोन्ही गोष्टींची वजावट धरली की हातात येणारी रक्कम मी आधी मांडलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी निघाली. तरीही आठ तास घराबाहेर बसण्याची अट घालणारे माझे केंद्र त्यांना नको होते. शिवाय कारखान्याच्या नोंदीवर त्यांचा भविष्य निर्वाह निधी होता आणि तो सोडायला त्या तयार नव्हत्या. जास्त मजुरी मिळाली की बाई विडी सोडेल, हे माझे मुख्य गृहीतकच कोसळले आणि मला आराखडा घराजवळच्या, तुकड्या-तुकड्यांनी करता येणाऱ्या कामाभोवती नव्याने मांडावा लागला. नऊ वर्षे त्याच गल्ल्यांतून फिरूनही मी हे कधी मोजले नव्हते.

या स्वाध्यायावरचा अभिप्राय मात्र सात आठवड्यांनी आला, तोवर पुढचा स्वाध्याय देऊन झाला होता. एवढे शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून ही दिरंगाई मला खटकली.

त्याहून मोठी उणीव आशयाची आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून असलेल्या ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ या, समाजहितासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या, संस्थाप्रकाराला पूर्ण आठवडा मिळाला; ना-नफा कंपन्यांविषयीचे कंपनी कायदा २०१३ चे कलम ८, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा किंवा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० यांचा उल्लेखही नव्हता. मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावेत, हे त्याच कंपनी कायद्याचे कलम १३५ आमच्यासारख्या संस्थांच्या रोजच्या व्यवहारातले आहे, ते मी स्वतः शिकले. आणि वाचनयादीतला सामाजिक उद्योजक बहुधा एकटा, धडाडीचा, नव्या कल्पनेचा धनी असतो. सात जणींनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड किंवा आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत म्हसवडला १९९७ मध्ये उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक समजून घ्यायची तर ‘उद्योजक’ हा शब्द अनेकवचनी वापरावा लागतो. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून येणाऱ्या विद्यार्थ्याला ही उणीव पहिल्याच महिन्यात जाणवेल. मी ती चर्चासत्रात मांडली, आणि प्राध्यापकांनी पुढच्या सत्रात मला माणदेशीवर बोलायला वेळ दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

आता व्यवहाराचे. तेथील संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेअकराला आणि उन्हाळ्यात साडेदहाला भरतो. ध्वनिचित्रफिती नंतर पाहता येतात, पण चर्चेत भाग घेतला नाही तर या अभ्यासाचा निम्मा जीव जातो. इंग्रजीची भीती बाळगू नये. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि पहिले दोन निबंध सोडले तर भाषेमुळे माझे गुण गेले नाहीत. पदवीची समकक्षता भारतात कोठे आणि कशी धरली जाईल, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी, विशेषतः पुढे संशोधन किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर. पूर्ण वेळ शिकणे शक्य असलेल्यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेचा मुंबईतील सामाजिक उद्योजकतेचा अभ्यासक्रम आधी पाहावा. तिचे तुळजापूरचे संकुल तर सोलापूरहून साधारण तासाभरावर आहे, तेथे प्रत्यक्ष जाऊन शिक्षकांशी बोलता येते.

दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प आपण काम करतो त्याच ठिकाणी करण्याची मुभा असते, आणि दूरस्थ शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. त्यासाठी आपल्या संस्थेकडून क्षेत्रकार्याचे दिवस आणि माहिती वापरण्याची परवानगी लेखी घ्यावी लागते. मी ते पत्र प्रवेशानंतर मागितले आणि माझा प्रकल्प दोन महिने अडकला. तुम्ही ते अर्ज भरण्यापूर्वीच घ्या.