धावत्या मोटारींचे छायाचित्रण: वेगवान शटर की पॅनिंग?

शर्यतीच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन जाणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारा पडदा, 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून मोटार जागीच गोठवता येते, किंवा ते 1/125 च्या आसपास उतरवून मोटारीच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवत, म्हणजेच पॅनिंग करत, केवळ पार्श्वभूमी पुसट करता येते. स्पष्ट फोटो मिळण्याची शाश्वती असल्याने बहुतेक नवशिके पहिला मार्ग निवडतात. माझा कल मात्र दुसऱ्याकडे आहे.

ताशी 180 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला 50 मीटर अंतर कापते. चाकाचा घेर सुमारे 2 मीटर धरला, तर चाक सेकंदात 25 वेळा फिरते. म्हणजे 1/1000 सेकंदात ते जेमतेम 9 अंश फिरते आणि 1/125 सेकंदात 72 अंश. त्यामुळे वेगवान शटरने बाजूने टिपलेल्या फोटोत चाकाचे आरे मोजता येतात आणि शर्यतीची गाडी कॉलेज रोडला पार्क केल्यासारखी दिसते. वळणावर गाडीचा वेग उतरलेला असल्याने तेथे हा दोष अधिकच उठून दिसतो. गाडी थेट समोरून येत असेल, तर मात्र चाकांचे फिरणे फारसे दिसत नाही आणि कॅमेरा आडवा फिरवण्यालाही अर्थ उरत नाही. अशा वेळी 1/1000 हाच योग्य पर्याय होय.

पॅनिंगमध्ये बरेच फोटो वाया जातात, हे आधीच मान्य केलेले बरे. गाडी जेथे टिपायची त्या दिशेला पावले रोवून, कमरेतून वळत गाडी दुरूनच फ्रेममध्ये घ्यावी आणि बटण दाबल्यानंतरही कॅमेरा फिरवणे थांबवू नये. नवशिक्यांचा हात नेमका त्याच क्षणी अडखळतो. प्रारंभ 1/250 ने करून, हात बसेल तसे 1/125 आणि मग 1/60 पर्यंत उतरावे. फोकस सलग पाठलाग करणारा असावा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, तर निकॉनमध्ये एएफ-सी.

भर दुपारच्या उन्हात आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) 100 वर 1/60 साठी लेन्सचे छिद्र एफ/20 च्या आसपास, म्हणजे खूप लहान, न्यावे लागते, आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपाने फोटोत उतरते. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) नसेल तर सकाळची किंवा उतरत्या उन्हाची वेळ साधावी. ट्रॅकला जाळीचे कुंपण असेल, तर वेगवान शटरचे पारडे निश्चितच जड ठरते; लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून छिद्र पूर्ण उघडले की जाळी विरून जाते, उलट लहान छिद्राने पॅनिंग करताना तिची छाया फोटोभर पसरते.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या हौशी छायाचित्रकाराला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मोटार शर्यतींसाठी कोईम्बतूर किंवा चेन्नई गाठावी लागते. एवढ्या प्रवासानंतर तेथे हात बसवत राहणे परवडणारे नाही. कोल्हापूरचा कार्टिंग ट्रॅक बेळगावहून सुमारे 110 किलोमीटरवर आहे. कार्टची चाके लहान असल्याने त्यांच्या फिरण्याची गंमत तेथे कमी मिळते, पण कॅमेऱ्याचा ओघ सरावण्यास ती जागा पुरेशी आहे. चिकोडी भागातील बैलगाडी शर्यतीही उपयोगी पडतात. मात्र दोरीबाहेरच उभे राहावे, कारण उधळलेली जोडी वळण ठरवून घेत नाही.

लेन्ससाठी मोठा खर्च करण्याची घाई नको. पॅनिंग जवळून करता येत असेल तर 55-250 मिलिमीटरची साधी लेन्स भागवते; दूरच्या स्टँडवरून समोरून येणारी गाडी भरून घ्यायची असेल, तरच 400 मिलिमीटरचा विचार करावा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर मूक इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावे, कारण अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने धावती गाडी तिरकी झुकलेली उमटते. मोबाइलच्या फोटोंतही हाच दोष आढळतो.