गेम बॉय की प्लेस्टेशन: सेव्ह कुठे टिकतो?

जुना कन्सोल घेऊन लांबलचक आरपीजी (पात्र वाढवत नेणारे कथाप्रधान गेम) खेळायचे असतील, तर चित्र-आवाजाच्या आधी सेव्हचं, म्हणजे खेळातली प्रगती कुठे साठते ते बघा. माझ्याकडे गेम बॉयही आहे आणि पहिलं प्लेस्टेशनही, त्यामुळे दोघांचा त्रास ओळखीचा आहे.

गेम बॉयची सोय मोठी. सेव्ह कॅसेटमध्येच असतो, वेगळं काही सांभाळावं लागत नाही. पण तो एसरॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) असतो, आणि एसरॅम जगते ती आतल्या बटन सेलवर. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो आणखी लवकर संपतो.

सेल संपतो याची तक्रार नाही, पंचवीस वर्षांनी संपणारच. मला खटकतं ते हे की तो संपल्याचं कळतच नाही. गेम सुरळीत चालतो, सेव्ह झाल्याचा संदेशही येतो. दुसऱ्या दिवशी चालू करावं तर मेनूत ‘कंटिन्यू’ची ओळच गायब! माझी एक कॅसेट अशीच कोरी झाली आणि अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत पाण्यात गेली. सेल बदलता येतो, पण ३.८ मिमीचा खास स्क्रू खोलून सोल्डरचे टाके काढावे लागतात, आणि जुना सेल निघताक्षणी उरलासुरला सेव्हही जातो. आधी कार्ट्रिज रीडरने (कॅसेटमधला डेटा संगणकावर घेणाऱ्या यंत्राने) कॉपी काढून ठेवली तरच वाचतो.

प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १२८ केबीचं, १५ ब्लॉकचं. आत फ्लॅश मेमरी, म्हणजे विजेशिवायही टिकणारी, सेलची भानगडच नाही. त्रास इथेही आहेतच. १५ ब्लॉक भराभर संपतात. सेव्ह होत असताना लाइट गेली तर फाइल खराब होऊ शकते; लोडशेडिंगच्या गावात हे मनावर घ्यावं, गेम बॉयला ती धास्ती नाही. बटण दाबून मेमरीची पानं (१५-१५ ब्लॉकचे गट) बदलणारी स्वस्तातली जादा क्षमतेची कार्डं तर मी आता घेतच नाही.

पण डिस्क न घालता प्लेस्टेशन चालू करा. मेमरी कार्डच्या स्क्रीनवर दोन्ही कार्डांचे रकाने शेजारी-शेजारी दिसतात, प्रत्येक सेव्हचं चिमुकलं चित्र असतं, काही हलतातही, आणि तिथूनच सेव्ह एका कार्डावरून दुसऱ्यावर कॉपी होतो. ना टाके, ना रीडर. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

प्रवासात खेळायचं असेल तर अर्थात गेम बॉयच. मग जमल्यास गेम बॉय ॲडव्हान्स हे नंतरचं मॉडेल आणि त्याच्या कॅसेट बघा: पोकेमॉन रुबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅशमध्ये राहतो, सेल फक्त घड्याळापुरता. मात्र अस्सल कॅसेटच घ्या, नकलींमध्ये बऱ्याचदा सेव्हही सेलवरच असतो.

आणि नुसतं कार्ड दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. निन्टेन्डो ६४चा कंट्रोलर पॅक दिसतो मेमरी कार्डासारखा, पण आत सीआर२०३२ सेलच असतो. सेगा सॅटर्नच्या अंतर्गत मेमरीचंही तेच. प्लेस्टेशन घेणार असाल तर त्याच खरेदीत दुसरं कार्डही घेऊन टाका.